मॉरीनचं कुलूप

आई गेल्यावर बेरिल आणि तिची धाकटी बहीण मॉरीन यांनी आईचं सामान हडर्सफील्डबाहेरच्या भाड्याच्या गोदामात, एका खोलीत ठेवलं. वाटणी ठरेपर्यंत दाराला दोघींची दोन कुलपं, म्हणजे एकीला दुसरीवाचून आत जाता येणार नाही, ही अट बेरिलची.

सहा वर्षं वाटणी काही ठरली नाही. बेरिल दर महिन्याला बसने यायची, आपलं कुलूप ओढून बघायची, दारावर कुठे नवा ओरखडा दिसतोय का ते न्याहाळायची. मॉरीनच्या कुलपाला मात्र तिने कधी बोट लावलं नाही. उगाच आपल्यावर आळ नको.

मॉरीन वारली. पुढच्याच आठवड्यात तिची मुलगी जॉसलिन गोदामावर आली, ती रिकाम्या हातांनी.

"किल्ली?" बेरिलने विचारलं.

"आई म्हणायची, मावशीला किल्ली लागणारच नाही."

"कशाला लागेल? आत काही शिल्लक ठेवलं असेल तर ना. आमच्या आईचे चहाचे कप तर तिने पहिल्याच वर्षी हलवले असणार."

बेरिलने आपलं कुलूप काढलं आणि कटर घेऊन आलेल्या गोदामवाल्याला दुसरं दाखवलं. "तोडा ते."

त्याने कुलूप नीट बघायला हातात धरलं, तर ते अलगद निघून आलं.

"हे बंद कुठंय बाई? नुसतं अडकवलंय."



सहा वर्षं त्या दाराला एकच कुलूप होतं. बेरिलचं.