रस्त्याची राखण

कणकवलीत मुनीबच्या टायरच्या दुकानात अस्मिताबाई स्कूटरला नवे टायर बसवून घेत होत्या. थोडे जादा पैसे भरले तर वर्षभरात खड्ड्यात आपटून फाटलेला टायर फुकट बदलून मिळेल, अशी योजना मुनीब त्यांना समजावत होता. बाई विचारात पडल्या. रोज गावच्या रस्त्यानेच शाळा गाठायची, तीही मागे लेकीला बसवून.

"सगळी लूट!" शेजारच्या खुर्चीतून विराजशेठ गरजले. गावचा नवा रस्ता करणारे ठेकेदार ते हेच. "बाईनु, खड्डे खंयचे? रस्त्याच्या उद्घाटनाक नारळ ठेवन राखणीसाठी देवाक गाऱ्हाणा घातला, तेव्हा तुमीय 'होय म्हाराजा' म्हटलास ना? आता येणाऱ्या-जाणाऱ्याक रवळनाथ राखतलो. देवार भरवसो नाय काय?"

भक्ती अशी, की अख्ख्या दुकानाला ऐकू यावी. आता चारचौघांत 'देवावर भरवसा नाही' असं कुठली बाई म्हणेल? अस्मिताबाईंनी नुसत्या टायरांचे पैसे दिले आणि त्या निघाल्या.

स्कूटर वळणाआड जाताच शेठनी बाहेर उभ्या आपल्या अगडबंब गाडीकडे बोट केलं. "मुनीब, माझ्या चारय टायरांका ती योजना घाल."

मुनीब बघतच राहिला. "आणि शेठ, रवळनाथ?"



"गाऱ्हाणा गावान घातल्यान रे. रस्तो मियां केलंय."