पुठ्ठ्यावरच्या पट्ट्या
शहापुरात तृप्तीच्या कीबोर्डला छत्तीस पांढऱ्या आणि पंचवीस काळ्या, मिळून एकसष्ट पट्ट्या होत्या. खऱ्या पियानोला अठ्ठ्याऐंशी असतात. तिच्या पाचव्या ग्रेडच्या पियानो परीक्षेचा फॉर्म भरायला घरी आलेल्या वीरेंद्र सरांनी नाक मुरडलं. “या खोक्यासाठी फॉर्मवर सोपीच रचना लिहितो. तुले पाहिजे त्या रचनेत डाव्या हाताचे चौदा सूर खोक्याच्या बाहेर पडतात. तिथं काय टेबल वाजवशील?” “टेबलच वाजवून राहिली सर, दोन महिन्यांपासून.” कीबोर्डच्या डावीकडे तिनं पुठ्ठा चिकटवला होता आणि त्यावर मिलिमीटर मोजून खालच्या पंधरा पट्ट्या आखल्या होत्या. सर फिस्सकन हसले. “पोरखेळ आहे हा! वाजव, चौदातले दहा सूर बरोबर पडले तर तुझीच रचना लिहितो.” उजव्या हाताखाली सूर उमटले, डाव्याखाली नुसती टकटक. सर पेन उघडून पुठ्ठ्यावर वाकले आणि मोजू लागले. चौदापैकी तेरा.