पायाळू

जोतिरामअण्णांना मुलानं, कुमारनं, आणि गाडीच्या ड्रायव्हरनं दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं. पूनमच्या तोंडाला मास्क होता. केसपेपरवरचं नाव वाचून ती क्षणभर थांबली. मग तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. पायांत मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, दुखणं कधीपासून.

तीन दिवसांपूर्वी द्राक्षबागेत औषधाचा ड्रम हलवताना अण्णांच्या कमरेत उसण भरली होती. वाकले ते वाकलेच. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणके ठीक आहेत, स्नायू आखडलेत म्हणाले आणि सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या, पूनमच्या या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठवलं.

पूनमनं त्यांना टेबलावर पालथं निजवलं, पोटाखाली उशी दिली, शेक दिला. मग मणक्याच्या कडेकडेनं अंगठे फिरवत गेली. डावीकडे सुपारीएवढी गाठ लागली. तिनं ती रगडली नाही, नुसती दाबून धरली. अण्णा कण्हले. हळूहळू त्यांचा श्वास लांबला. पंधरा-वीस मिनिटांनी आवळलेल्या मुठीही सैल पडल्या.

"डॉक्टरबाई, तुमच्या हाताला लई गुण हाय," ते उशीत तोंड ठेवूनच म्हणाले. "तीन दिसांत पयल्यांदा बरं वाटलं. तुमी कुटल्या?"

सोलापूरची म्हणून सांगता आलं असतं. पूनमनं गावाचं नाव सांगितलं. ते अण्णांचंच गाव होतं. मग त्यांनी कुणाची म्हणून विचारलं, तेव्हा तिनं वडिलांचं नावही सांगितलं.

तिच्या हाताखाली पाठ पुन्हा ताठ झाली.

"म्हंजी तू ती पायाळू?"

'तुमी'चं 'तू' व्हायला एवढाच वेळ लागला.

पूनम पायाकडून जन्मली होती. अशा माणसानं लाथ लावली की उसण जाते, असं गाव मानायचं. ती सहावी-सातवीत असताना अण्णांची कंबर धरली की शाळेत निरोप यायचा आणि तिला चालू तासातून उठून जावं लागायचं. अण्णा अंगणात पोत्यावर पालथे पडलेले असायचे. ती डाव्या पायानं सात वेळा त्यांच्या कमरेला लाथ लावायची आणि परत फिरायची. एकदा उन्हाळ्यात तिनं पाणी मागितलं. अण्णांच्या आईनं तिला अंगणातच ओंजळ धरायला लावली आणि वरून पाणी ओतलं. त्या घराला तिचा पाय चालायचा. तांब्याला लागलेला हात चालत नव्हता.

"हात काढ," अण्णा म्हणाले.

पूनमनं हात उचलले. दुसरं कुणी असेल तर बोलव, असं त्यांनी कुमारला सांगितलं. नसेल तर हिनं पहिल्यासारखा पाय लावावा, म्हणजे झालं, आपण निघू. कुमार शाळेत पूनमच्याच वर्गात होता. तो मान खाली घालून, अण्णा, असं बोलू नका, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पूनमची कानशिलं तापली. साडेचार वर्षं तिनं माणसाच्या अंगातला एकेक स्नायू शिकण्यात घालवली होती. रोज वीस-पंचवीस पाठी या हातांखालून जात होत्या. आणि या माणसाला अजून तिचा पायच हवा होता.

ती बोलली तेव्हा तिची भाषा आपोआप गावाकडची झाली.

"पाय लावला तर एकांद्या दिशी मणका सरकंल, अण्णा. तवा मला कळत न्हवतं. तुमचं नशीब, म्हणून वाचलासा."

हाताच्या कोपरांवर जोर देऊन अण्णा उठायला गेले आणि अर्ध्यातच कमरेत कळ आली. ना वर येता येईना, ना खाली जाता. कपाळावर घाम आला. कुमार काखेत हात घालून त्यांना ओढायला धावला, पण पूनमनं त्याला थांबवलं. असं ओढलं तर आणखी धरेल, म्हणाली. मग अण्णांना सांगितलं, आधी कुशीवर वळा, मग पाय टेबलावरून खाली सोडा, मग माझा हात धरून बसते व्हा. तिनं हात पुढं केला.

अण्णा कुशीवर वळले. पाय खाली सोडले. हाताकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी कुमारकडं पाहिलं. कुमारनं आपले दोन्ही हात पाठीमागं घेतले.

पूनमचा हात तसाच पुढं होता.

शेवटी अण्णांनी तो धरला. उठून बसले, मग उभे राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदाच सरळ उभे राहिले. पूनमनं त्यांना खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या. सदऱ्याची बटणं लावता लावता, तिच्याकडं न बघता, ते हळूच म्हणाले,

"गावात कुणाला बोलू नगंस. हात लावल्याचं."

पूनम लिहायच्या टेबलाशी जाऊन बसली आणि तिनं पुढच्या भेटीचं कार्ड लिहायला घेतलं. एरवी ती तारीख-वेळ टाकून खाली नुसतं 'पूनम मॅडम' लिहायची. आज तिनं बराच वेळ लिहिलं.

बाहेरचे बाक पेशंटनी भरले होते. दारात तिनं कार्ड अण्णांच्या हातात दिलं आणि अजून नऊ वेळा यावं लागेल, म्हणून सांगितलं. अण्णांनी ते न वाचताच दुमडलं आणि खिशात घालायला गेले. कुमारनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, उलगडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं,

"उद्या सकाळी अकरा. उपचार करणार, डॉक्टर पूनम भिमा शिवशरण."

मग त्याखाली लिहिलेलं गावाचं नावही त्यानं वाचलं.