निरिच्छांचा मजला

"इमारतीला चार मजले आहेत म्हणून माणसांचे प्रकारही चारच, हा शोध तुमचा, साहेब. माझा नाही."

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने चष्मा पुसला. "गट तुमच्याच संगणकाने पाडले ना, मॅडम?"

"तुम्ही चार म्हणालात, त्याने चार पाडले. सात म्हणाला असतात तर सात पाडले असते. त्याला नाही म्हणता येत नाही."

हे ती तिसऱ्यांदा सांगत होती. एकशे बारा म्हातारी माणसं, प्रत्येकाला साठ प्रश्न, प्रत्येक उत्तर एक ते पाचमध्ये. ज्यांची उत्तरं एकमेकांच्या जवळ, ती माणसं एका गटात. मुख्य कचेरीत बसून तिने हे काम दोन आठवड्यांत उरकलं होतं. समोर नावं नव्हती, कागद नव्हते. नुसते क्रमांक आणि आकडे. चौथा गट सगळ्यांत घट्ट निघाला, तेव्हा ती स्वतःवर खूशसुद्धा झाली होती.

व्यवस्थापकाने त्या गटाचं बारसं केलं, 'निरिच्छ'. निरिच्छांना काही लागत नाही, म्हणून त्यांना चौथा मजला. लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच. एकदा वर गेलेला म्हातारा खाली येणार कसा, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आज यादी लागली. निरिच्छांत सातवं नाव तिच्या वडिलांचं. चार वाजता सामान वर जाणार होतं आणि आता साडेतीन झाले होते. फोन खांद्याशी दाबून, दारावरच्या वहीत न बघता हिरव्या पेनाने सही ठोकून ती तरातरा आत आली होती. बाबा बाहेर बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांच्याशी बोलायला ती थांबली नव्हती.

"माझे बाबा निरिच्छ?"

"कसले निरिच्छ," सामान न्यायला आलेली मावशी दारातून म्हणाली. "अक्षर दिसत नाही, पण पहाटे झारी घेऊन बागेत हजर. गुलाब उशिरा फुलला की त्याला झापतात."

"बाबा? बागेत?"

"रोज."

तिने लॅपटॉप व्यवस्थापकाकडे वळवला. "ऐकलंत? आता हे बघा. या गटात चौदा माणसं. चौदाही जणांची सगळी उत्तरं तीन. बागेत रमता का? तीन. एकटं वाटतं का? तीन. मरणाची भीती वाटते का? तीन. तीन म्हणजे सांगता येत नाही. जिवंत माणूस साठ वेळा असं सांगेल?"

"मग हे आधी नाही दिसलं तुम्हाला?"

"मी सरासरी पाहिली, माणसं पाहिली नाहीत. चुकले. पण हा म्हाताऱ्यांचा गट नाहीच, साहेब. कुणीतरी न वाचता मधल्या रकान्यावरून रेघ ओढलीय. हा आळशांचा गट आहे. तुमच्या आळशांचा."

मावशीने पिशव्या खाली ठेवल्या. "आमच्या माथी मारू नका, ताई. त्या कागदांना आमच्यातल्या कुणी हात लावलेला नाही."

"मग काय भुताने भरले?"

"नियम असा आहे," व्यवस्थापक म्हणाला, "की ज्यांना वाचता येत नाही, त्यांचे कागद दाखल करतानाच घरून आलेल्या..."

"नियम गेला खड्ड्यात. बाबांचा मूळ कागद काढा. खाली कुणाची तरी सही असेल ना? मला ते नाव हवंय. ज्याने माझ्या बापाला साठ वेळा 'सांगता येत नाही' केलं, त्याला मी सगळ्यांसमोर जाब विचारणार आहे."

आवाज बाहेर गेला असावा. भिंत चाचपत बाबा आत आले आणि दाराशी उभे राहिले.

व्यवस्थापकाने कपाटातून फाइल काढली, सातवा कागद वेगळा केला आणि तिच्यासमोर ठेवला.

पहिल्या प्रश्नापासून साठाव्यापर्यंत एकच उभी हिरवी रेघ. खाली हिरवी सही, दारावरच्या वहीत होती तशीच.

"सापडला का गं तो?" बाबांनी विचारलं. "कुणाचं नाव आहे? वाच की."