पामचं माहेर

होळीनंतर हेमकांतने नर्सरीतून मोठ्या हौसेने आणलेला दुर्मिळ पाम कळसाडीच्या अंगणात रुसून बसला. सावलीला जाळी बांधून झाली, ताक पाजून झालं, तरी पानं पिवळीच. शेवटी बायको वैतागली, "त्याना माहेरले जाईसन इचारी या!"

सातपुड्यात या जातीचं एकच झाड उरलंय असं ऐकून हेमकांत डोंगरातल्या वाहरूला वाटाड्या घेऊन तीन तास चढला. वर पोचल्यावर वाहरूने एक मोठा खड्डा दाखवला.

"आठेच व्हतं. होळीना टाइमले नर्सरीवाला खंदीसन लई ग्या."

"आनि तुम्ही लई जाऊ दिधं?" धापा टाकत हेमकांत खवळला.

"कळसाडीना कोन्ही शेठ शे म्हने, त्याले झाडेसनी भलती माया शे." वाहरूने पाण्याची बाटली पुढे केली. "तुम्ही बी तठलाच ना? वळखतस का त्याले?"