एका ओढीत

"ह्यो एक शब्द सांगा मास्तर, मग मटण तोलतो," निजाम म्हणाला. हात रक्ताने माखलेले असल्यामुळे कागद त्याने धरला नव्हता. तो त्याच्या मुलीने, दिलशादने, मास्तरांपुढे केला होता.

म्हसवडच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे लालासाहेब माने रविवारची पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे होते. कागद म्हणजे हेडमास्तरांचे इंग्रजीतले शिफारसपत्र. नर्सिंगच्या शिक्षणासाठी दिलशादची उद्या मिरजेला मुलाखत होती, आणि सोबतच्या संमतिपत्रावर बापाची सही अजून झाली नव्हती.

"तीन वर्सं हास्टेलात ऱ्हायचं म्हणत्यात. मी म्हणलं, सा म्हैन्याची सही करतो. करमलं तर पुढं बगू, न्हाईतर घर हायच. तर पोरगी म्हणती, हेडमास्तरांनी काय लिवलंय त्ये तरी आयका."

मास्तरांनी वाचले. गेल्या दुष्काळात खडीच्या कामावर एका बाईच्या पायावर दगड पडला, तेव्हा भोवती नुसता आरडाओरडा चालला असताना या मुलीने ओढणी फाडून जखम आवळून बांधली होती. त्याखाली एक ओळ होती : हिच्याकडे प्लक आहे.

"धाडस, असा अर्थ."

"त्ये पोरगीबी म्हणली. पर धाडसाला इंग्रजीत एकच शब्द हाय व्हय? ह्योच का घातला?"

मास्तर घुटमळले. मोठ्या कोशात त्यांनी त्या शब्दाचे मूळ पाहिले होते. परंतु या दुकानात, या मुलीसमोर ते उच्चारणे त्यांना अवघड वाटले.

"राग मानू नका, निजामभाई. शब्द तुमच्याच धंद्यातला आहे. विलायतेतले खाटीक बकऱ्याचं काळीज, दिल, फोपसं ओढून काढायचे, त्या सगळ्याला मिळून प्लक म्हणायचे. पुढं ठोशांची कुस्ती खेळणाऱ्यांनी तो उचलला. ज्याच्या आत हे सगळं शाबूत, तोच गडी. घरंदाज माणसं कितीतरी दिवस हा शब्द तोंडी आणत नव्हती."

"आन् आता आमच्या पोरीला लावला."

निजाम हसला नाही. दिलशादने मान खाली घातली.

तो आकड्याला टांगलेल्या बकऱ्याकडे वळला. आतला पडदा त्याने सुरीने कडेकडेने सोडवला, कोपरापर्यंत हात आत घातला, थेट नरड्याशी मूठ आवळली आणि बाहेर ओढले. फिकट गुलाबी फोपसे, काळसर काळीज आणि त्यांच्यामध्ये दिल, सारे एकमेकांना धरून, वाफाळत बाहेर आले. फासळ्यांच्या आत झाडून घेतलेल्या खोलीची स्वच्छता उरली.

"नरड्याशी धरलं तर सगळं एका ओढीत येतं, मास्तर. मधीच धरलं का तुटतं. निम्मं हातात, निम्मं आत. दोन्ही वाया."

ते हातात घेऊन त्याने दिलशादकडे पाहिले. मग परात पुढे ओढून त्यात त्याने ते हलकेच ठेवले.

त्याने हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून, दोनदा. मास्तरांच्या खिशातले पेन मागून घेतले. संमतिपत्रावर तीन वर्षे कुठे लिहिली आहेत, तिथे दिलशादला बोट ठेवायला लावले, आणि त्या बोटाखाली एकेक अक्षर कोरावे तशी सही केली.

"अब्बा, मग सा म्हैन्याचं?"

"कोण म्हणलं सा म्हैनं?"

दिलशाद कागद छातीशी धरून घराकडे निघाली. थोडे अंतर ती चालली. पुढे तिला चालणे जमेना, ती पळतच सुटली.

निजामने तराजू उचलला. मास्तर नेहमीप्रमाणे म्हणाले, "अर्धा किलो. आणि थोडं काळीज घाला त्यात."

"दुसरं काय बी मागा, मास्तर," तोलता तोलता निजाम म्हणाला. "काळीज उद्या पोरीच्या डब्यात जायाचंय."