दोन डाग

अंगणातल्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि त्यावरचे डाग मोजायचे, हा सुट्टीतला आजोबा आणि नातीचा रोजचा उद्योग. पण पंधरा दिवसांत सूर्यावर औषधालाही डाग सापडला नाही. नात उद्या परत जाणार, म्हणून आजोबांचा जीव खालीवर होत होता.

"डाग नाही म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस पहिल्यांदाच बघतेय!" आजी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

तेवढ्यात नात ओरडली, "आजोबा, डाग! एक नाही, दोन!"

आजोबा धावतच आत आले आणि हळूच म्हणाले, "अगं, पोर हिरमुसून जाऊ नये म्हणून तिची नजर चुकवून मीच कागदावर पेन्सिलीने एक ठिपका काढला होता. जन्मभर मास्तरकी केली आणि म्हातारपणी ही लबाडी! पण दुसरा खरा निघाला गं. लाज राखली सूर्याने!"

ते पुन्हा अंगणात पळाले. पाठोपाठ नात आली आणि आजीच्या कानाला लागली.


"आजी, आजोबांना सांगू नकोस हं. त्यातला एक मी काढलाय. पण दुसरा अगदी खरा आहे!"